उरण : ऊर्जा वाहून गेली, गावाला काय उरले?

शेतमाल ज्या गावातून जातो त्या गावात काही ना काही ठेवून जातो. हमालाला मजुरी मिळते, गाडीवानाला भाडे मिळते आणि व्यापाऱ्याला दलाली मिळते. ऊर्जेचे तसे नाही. तेल व वायू नळातून वाहतात, वीज तारेतून धावते. आणि ज्यांच्या दारावरून ती जातात त्यांच्याकडे थांबण्याचे त्यांना कारणच नसते. पनवेलहून गव्हाण फाटा व जासई ओलांडून उरणकडे जाणाऱ्या रस्त्यावर या आर्थिक सत्याची साक्ष गेली पाच दशके उभी आहे.

तेल येण्यापूर्वीचे उरण म्हणजे एक पावसाळी पिकाची भातशेती, खाजणातील मिठागरे, करंजा व मोरा येथील मासेमारी आणि पूर्वीच्या काळी दारूच्या भट्ट्या. आगरी, कोळी व कराडी समाजाची ही वस्ती मुंबईच्या समोर असूनही समुद्राने तिच्यापासून तोडलेली होती. या परिस्थितीला १९७४ च्या फेब्रुवारीत कलाटणी मिळाली. ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर समुद्रात तेल शोधून काढले. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि पुढे समुद्रतळावरील नळांनी तेल व वायू उरणच्या किनाऱ्यावर येऊ लागले. तेल व नैसर्गिक वायू आयोगाच्या प्रकल्पात खनिज तेलावर प्रक्रिया होऊन ते ट्रॉम्बेच्या शुद्धीकरण कारखान्यांकडे जाऊ लागले. वायूतून स्वयंपाकाचा गॅस व नाफ्था वेगळे काढले जाऊ लागले आणि उरलेला वायू थळच्या खत कारखान्यापर्यंत पोचला. १९८२ मध्ये याच वायूवर वीज मंडळाचे विद्युत केंद्र सुरू झाले. त्याची क्षमता पुढे ६७२ मेगावॅट झाली.

राष्ट्राच्या दृष्टीने हा लाभ थोर होता, यात शंका नाही. १९७३ च्या अखेरीस तेलाच्या किमती चौपट झाल्या असताना मुंबई हायने देशाचे मोलाचे परकीय चलन वाचवले. प्रश्न आहे तो या लाभाच्या वाटणीचा.

तेलाचा कारखाना भांडवलप्रधान असतो. त्यात कोट्यवधी रुपये गुंततात, परंतु हात थोडे लागतात आणि तेही शिकलेले. भातखाचरातून उठलेल्या कुटुंबाजवळ त्या वेळी ते शिक्षण नव्हते. अभियंत्यांची वसाहत व सागरी तंत्रज्ञानाची संशोधन संस्था पनवेलला आली. उरणच्या वाट्याला टाक्या, नळ व कंत्राटी मजुरी आली. त्याच सुमारास नवी मुंबई व न्हावा-शेवा बंदर यांसाठी भूसंपादन चालू होते. पनवेलचे अनेक वर्षे आमदार राहिलेले दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १९८४ च्या १६ व १७ जानेवारीला झालेल्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व शासनाने मान्य केले ते या बलिदानानंतर. जमीन ही केवळ मोबदल्याची वस्तू नसून भावी संपत्तीतील भाग आहे, हा विचार त्या लढ्याने रुजवला.

जमिनीला जे लागू झाले ते तेलाला मात्र लागू झाले नाही. संविधानाच्या अनुच्छेद २९७ नुसार सागरी हद्दीतील खनिजे केंद्राच्या मालकीची आहेत. त्यामुळे आसाम वा गुजरातच्या भूमीवरील तेलाचे स्वामित्वधन त्या राज्यांना मिळते, मुंबई हायचे मात्र केंद्राकडे जाते. खाणींच्या जिल्ह्यांसाठी २०१५ मध्ये जिल्हा खनिज प्रतिष्ठानांची तरतूद झाली, पण खनिज तेल तिच्या कक्षेबाहेर आहे. धोका मात्र स्थानिकच राहतो. ३ सप्टेंबर २०१९ रोजी उरणच्या प्रकल्पात आग लागून चार जणांचा मृत्यू झाला.

अमेरिकेचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. पेनसिल्व्हेनियात १८५९ मध्ये तेलाची विहीर यशस्वी झाल्यावर १८६५ मध्ये पिटहोल नावाचे गाव वसले आणि काही महिन्यांतच तेथे सुमारे १५ हजार माणसे जमली. पिंपे वाहणाऱ्या गाडीवानांची चलती होती; पण त्याच वर्षी तेलाचा नळ टाकला गेला आणि त्यांचा धंदा बसला. पुढे विहिरी आटल्या आणि १८७७ पर्यंत गावाचे नगर म्हणून अस्तित्वही संपले. याउलट वायोमिंग या राज्याने शहाणपण दाखवले. तेथील जिलेट हे छोटे शहर कोळसा, तेल व वायू यांवरच उभे आहे. १९७४ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून खनिजांवरील कराचा एक हिस्सा कायम निधीत टाकण्याची व्यवस्था झाली. त्या निधीचे मुद्दल खर्च करता येत नाही, केवळ उत्पन्न वापरता येते. संपणाऱ्या संपत्तीचे न संपणाऱ्या संपत्तीत रूपांतर करणे हेच येथे खरे अर्थशास्त्र आहे.

उरणसाठी हा विचार आता तातडीचा झाला आहे. मुंबई हाय हे वृद्ध क्षेत्र आहे. घटते उत्पादन सावरण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये एका ब्रिटिश तेल कंपनीचे तांत्रिक साहाय्य घेण्याचे ठरले. वायूच्या टंचाईमुळे विद्युत केंद्र वर्षानुवर्षे पूर्ण क्षमतेने चाललेले नाही. दुसरीकडे १९८९ मध्ये सुरू झालेल्या बंदरापाठोपाठ, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू व उरणची रेल्वे आली. जमिनीचे भाव वाढले आणि विकून आलेला पैसा घरे, मोटारी व लग्नसमारंभ यांत आटण्याचा धोकाही वाढला.

तेव्हा मागणी केवळ नोकऱ्यांची वा वाढीव मोबदल्याची असून भागणार नाही. किनाऱ्यावर उतरणाऱ्या तेल व वायूच्या उत्पन्नातून अल्पसा का होईना, पण कायद्याने ठरलेला हिस्सा स्थानिक निधीत पडला पाहिजे. त्याचे मुद्दल अबाधित राहावे, त्याच्या व्याजातून तंत्रशिक्षण, रुग्णालय व मासेमारीची साधने उभी राहावीत आणि त्याचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेपुढे यावा. नळ एक दिवस कोरडे पडणारच आहेत. त्या दिवशी उरणच्या मुलांच्या हातात विद्या असेल की केवळ गंजलेल्या टाक्यांची राखणदारी, याचा निर्णय तेल वाहते आहे तोवरच घ्यावा लागेल.