ताडपत्री किती टिकेल?

दसरा-दिवाळीच्या सुमारास लातूरच्या किंवा नांदेडच्या मोंढ्यात गेलात, तर सोयाबीनचे ढीग दिसतील आणि ढिगाशेजारी घडी करून ठेवलेली ताडपत्रीही दिसेल. परतीचा पाऊस सांगून येत नाही. सोयाबीनमध्ये ओलावा १२ टक्क्यांहून अधिक झाला की भाव पडतो आणि दाणे ओलेच राहिले तर त्यांवर बुरशी येते. वर्षभराच्या श्रमाचे मोल अशा वेळी एका कापडावर अवलंबून असते. ते कापड पाणी अडवील का, आणि किती वर्षे अडवील, हे आधी ओळखता येईल का?

आज मोंढ्यात प्लॅस्टिकच्या ताडपत्र्या जास्त दिसतात. परंतु जाड सुती कापडाला मेण पाजून केलेल्या ताडपत्र्या, तंबू, पिशव्या आणि पावसाळी कोट यांचाही वापर जगात होतो. या मेणकापडाची परीक्षा कशी करावी ते आपण पाहू.

कापूस आणि मेण

नांदेडचा परिसर पूर्वीपासून गावरानी कापसासाठी प्रसिद्ध आहे. सरकी काढलेल्या कच्च्या कापसाचा एक बोळा पाण्यावर टाका. तो बराच वेळ तरंगत राहील. आता औषधाच्या दुकानातील कापसाचा बोळा टाका. तो लगेच पाणी पिऊन बुडेल. दोन्ही कापूसच, मग हा फरक का? कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा अतिशय पातळ थर असतो. वजनाने तो साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी भरतो. औषधी कापूस तयार करताना तो कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उकळून हा थर काढून टाकतात. मेणकापड तयार करणारे कारागीर याच्या उलट करतात. गेलेले मेण ते पुन्हा, आणि भरपूर, चढवतात.

पूर्वी युरोपातले खलाशी शिडाच्या कापडाला जवसाचे तेल लावीत. आपल्या मराठवाड्यात जवस सर्वांच्या ओळखीचे आहे. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन शोषून घट्ट होते आणि पाणी अडवते. पण कालांतराने ते पिवळे पडते, कडक होते आणि घडीवर तडकते. म्हणून पुढे पॅराफिन मेणाचा वापर वाढला. (जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा ढीग मात्र कधी करू नये. ऑक्सिजन शोषताना उष्णता निर्माण होते आणि अशा ढिगाने आपोआप पेट घेतल्याची उदाहरणे आहेत.)

छिद्रे असूनही पाणी का थांबते?

कापडाच्या विणीत बारीक छिद्रे असतातच. साध्या सुताला पाणी चिकटते, म्हणून ते छिद्रात ओढले जाते. मेणाला पाणी चिकटत नाही. थेंब गोल होऊन उभा राहतो आणि छिद्रात शिरण्यासाठी त्याला बाहेरून दाब लागतो. छिद्र जेवढे लहान तेवढा दाब जास्त. हिशेब केला तर ०.१ मिलिमीटर व्यासाचे मेण लावलेले छिद्र सुमारे १० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब पेलते. छिद्र निम्मे केले तर दुप्पट, म्हणजे २० सेंटिमीटर.

यातून दोन गोष्टी कळतात. ताडपत्रीला झोळ पडून त्यात वीतभर पाणी साचले, तर चांगले कापडही गळू शकते. म्हणून ती ताणून, उतार देऊनच बांधावी. दुसरे म्हणजे, मेण कितीही असले तरी वीण विरळ असेल तर उपयोग नाही. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने आदळतो. त्या क्षणाचा दाब साचलेल्या पाण्याच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त असतो आणि विरळ विणीतून तुषार आत येतात.

सुताचा आणखी एक गुण आहे. पाण्याने सुताचा तंतू फुगतो, त्यामुळे घट्ट विणीतील छिद्रे आणखी आवळली जातात. शिवणीचा दोराही सुती असेल तर तो फुगून सुईची भोके बुजवतो. कृत्रिम धाग्याला हे जमत नाही.

टिकणे दोन प्रकारचे

'टिकाऊ' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. एक, मेण किती दिवस राहते. दुसरी, धागा किती दिवस मजबूत राहतो. मेण गेले तर पुन्हा चढवता येते. धागा कुजला तर त्यावर इलाज नाही. म्हणून दोन्हींची परीक्षा स्वतंत्रपणे केली पाहिजे.

मेणाचे शत्रू म्हणजे उष्णता, घडी, घासणे आणि साबण. पॅराफिन मेण त्याच्या प्रकारानुसार साधारण ४६ ते ६८ अंश सेल्सिअसला वितळते. मे महिन्यात नांदेडची हवाच ४२-४३ अंशांवर जाते. उन्हात पडलेले गडद रंगाचे कापड त्याहून पुष्कळ तापते. मग मेण मऊ होऊन ओघळते आणि त्यावर धूळ चिकटते. गरम पाणी व साबणाने धुतल्यास तर उरलेले मेणही निघून जाते. असे कापड थंड पाण्याने पुसून सावलीत वाळवावे.

धाग्याचे शत्रू निराळे आहेत. ओली घडी करून ठेवलेल्या कापडावर बुरशी वाढते आणि ती धाग्यातील सेल्युलोज खाते. प्रखर ऊन, आम्ल आणि लोखंडाचा गंज यांनीही सेल्युलोज कमकुवत होते. लोखंडी कड्यांभोवतीच कापड आधी फाटते, याचे हे एक कारण. म्हणून कड्या पितळी असाव्यात.

प्लॅस्टिकची ताडपत्री कुजत नाही. पण उन्हातील अतिनील किरणांनी ती ठिसूळ होते. एकदा तिचे पापुद्रे निघू लागले की ती दुरुस्त करता येत नाही.

परीक्षा करून पाहा

एक नवा आणि एक जुना तुकडा घ्या. प्रत्येक प्रयोग पाच वेळा करा व सरासरी काढा.

१. कापड उजेडासमोर धरा. टाचणीएवढे प्रकाशबिंदू दिसले तर वीण विरळ आहे.

२. १० सेंटिमीटर लांब-रुंद तुकड्याचे ग्रॅममधील वजन १०० ने गुणा. हे एक चौरस मीटर कापडाचे वजन झाले. एका सेंटिमीटरमधील ताण्याचे व बाण्याचे धागेही भिंगातून मोजा.

३. कापडावर पाण्याचा थेंब ठेवा. तो पसरून मुरायला किती मिनिटे लागतात ते घड्याळावर मोजा.

४. त्याच जागी कापडाची १०० वेळा घडी करा, दुसऱ्या जागी ते पोत्यावर १०० वेळा घासा आणि थेंबाचा प्रयोग पुन्हा करा. वेळ फारशी घटली नाही तर मेण चांगले बसले आहे.

५. कापडाची झोळी बांधून तीत १० सेंटिमीटर पाणी भरा व रात्रभर टांगून ठेवा. खाली किती पाणी जमते ते मोजा.

६. कडेचा एक धागा उसवून त्याला लहान डबा टांगा आणि धागा तुटेपर्यंत डब्यात हळूहळू वाळू घाला. वाळूसह डब्याचे वजन करा. नव्या व जुन्या धाग्यांची तुलना केली की धाग्याची किती शक्ती गेली ते कळते.

प्रयोगशाळेतही तत्त्व हेच असते. फक्त यंत्रे अचूक असतात. आपल्या राष्ट्रध्वजाच्या खादीसाठीही भारतीय मानक ठरलेले आहे; त्यात धाग्यांची संख्या, मजबुती आणि रंगाचा पक्केपणा पाहिला जातो. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत असे ध्वज तयार होतात आणि त्यांसाठीची खादी लातूर जिल्ह्यातील उदगीरला विणली जाते.

घरातील ताडपत्रीवर हे प्रयोग करून नोंदी शिक्षकांना दाखवा. तिसऱ्या प्रयोगात जुना तुकडा नापास आणि सहाव्यात पास झाला, तर नवी ताडपत्री घेण्याची गरज नाही. जुनीला मेण लावले की ती पुढच्या हंगामात कामाला येईल. पण सहाव्यातच नापास झाली, तर ढिगावर ती घालू नये, हे घरच्यांना पाऊस येण्याआधी सांगा.