हवेवर बसलेलं मागचं चाक

अमरावतीत किंवा अकोल्यात सायकलच्या दुकानासमोर ‘मल्टिसस्पेन्शन’ म्हणून मांडलेल्या, सीटखाली जाडजूड स्प्रिंग मिरवणाऱ्या सायकली पाहिल्याच असतील. त्यांतल्या एखाद्या स्वस्त सायकलवर जोरात बसून पहा. स्प्रिंग दबते, उसळते, पुन्हा दबते, आणि ही झुलवाझुलवी आपोआप थांबेपर्यंत चालू राहते. कारण तिथे बहुतेक वेळा नुसती स्प्रिंगच असते. तिला दिलेला धक्का ती जवळजवळ जसाच्या तसा परत करते. खड्डा चाकाला बसला तेव्हा मिळालेलं सगळं ती क्षणभराने तुमच्या बुडाला पोचवते.

खऱ्या माउंटन बाइकचा मागचा शॉक हा वेगळाच प्राणी. मुठीत मावेल एवढं अंग, वजन जेमतेम काही शे ग्रॅम, आणि आत दोन कामं एकमेकांत घुसवलेली: धक्का झेलायचा हवेने आणि तो जिरवायचा तेलाने. अशा हवेच्या शॉकमध्ये पोलादी स्प्रिंग नसतेच. सायकलवाला हवेवर बसलेला असतो.

केवढ्या हवेवर, ते पाहू. ७० किलोचा माणूस घ्या. उभ्या जागी त्यातला साधारण ४५ किलो भार मागच्या चाकावर येतो. पण शॉक चाकाला थेट जोडलेला नसतो, मधे सांध्यांची तरफ असते. चाक १४० मिलिमीटर वर उचललं जातं तेव्हा शॉक फक्त ५५ मिलिमीटर दबतो. हालचाल अडीचपट कमी झाली म्हणजे जोर अडीचपट वाढला. बोटभर रुंदीच्या त्या नळीवर एकशे पंधरा किलोच्या आसपास भार येतो, तोही माणूस नुसता बसलेला असताना. म्हणून कारच्या टायरमध्ये ३०-३५ पीएसआय हवा पुरते, तर या चिमुकल्या डब्यात दीडशे-दोनशे पीएसआय भरावी लागते. साध्या पंपाने हे होत नाही. त्यासाठी बारीक नळकांड्याचा वेगळा शॉक पंप लागतो.

त्या पंपाची एक गंमत माणसाला हमखास चकवते. काल १८० पीएसआय भरली, आज पंप लावला तर काटा १६०-१६५ दाखवतो. ‘गळतंय!’ पण बहुतेक वेळा काहीच गळलेलं नसतं. पंपाची रिकामी नळी जोडल्याबरोबर शॉकमधलीच थोडी हवा तिच्यात शिरते. शॉकचा डबा एवढा लहान की तेवढ्याने काटा खाली येतो. आणि पंप काढताना जो फुस्स आवाज होतो, तो बहुधा नळीतल्या हवेचा, शॉकच्या नव्हे. हे कळेपर्यंत कित्येकांनी चांगली सीलं उगाच बदललेली असतात.

डब्यात एक नव्हे, दोन कप्पे असतात. एक चाकाला वर येऊ न देणारा, दुसरा त्याच्या उलट ढकलणारा. नुसता पहिलाच कप्पा असता तर लहान खडीवर शॉक हललाच नसता. सुरुवातीचा ताठरपणा मोडायला दुसऱ्याची गरज असते. दोघांत हवेचा समतोल कसा राखायचा? डब्याच्या आतल्या भिंतीला एका जागी छोटासा खळगा पाडलेला असतो. पिस्टनचं सील त्या खळग्यावरून सरकतं, तेव्हा क्षणभर त्याच्या बाजूने हवेला वाट मिळते आणि दोन्ही कप्पे बरोबरीला येतात. झडप नाही, हलता भाग नाही, फक्त भिंतीतला खळगा! म्हणूनच हवा भरताना मधे थांबून शॉक दहाएक वेळा हळू दाबायला सांगतात. तो कंटाळा करणाऱ्याचा शॉक पुढच्या वळणावर भलताच वागतो.

आता तेल. बाहेरून दिसणारी चकचकीत नळी म्हणजे डॅम्परचं, धक्का जिरवणाऱ्या भागाचं, अंग. तिच्या आत तेल, आणि तेलात एक पिस्टन. पिस्टनला भोकं असतात आणि भोकांवर पोलादाच्या गोल चकत्यांची चवड, एकेक चकती मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढी जाड. तुम्ही पायडल मारता तेव्हा शॉक सावकाश हलतो, तेल बारीक वाटेने निघून जातं आणि चकत्या जागच्या हलत नाहीत. दगड लागला की तेल जोराने येतं, चकत्यांच्या कडा वाकतात, वाट मोठी होते. किती चकत्या, केवढ्या व्यासाच्या, कोणत्या क्रमाने, यावर त्या शॉकचा सगळा स्वभाव ठरतो. यात संगणक नाही, बॅटरी नाही. धक्का सेकंदाच्या शंभराव्या हिश्शांत येतो आणि पोलादाची चकती वाकून त्याला उत्तर देते.

जिरवलेला धक्का जातो कुठे? उष्णतेत. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटरवर आहे, परतवाडा त्याच्या साडेसातशे मीटर खाली. सायकल धरून ९० किलोचा स्वार घाट उतरला की जी ऊर्जा मोकळी होते, ती दोन लिटर पाणी उकळायला पुरेशी आहे. त्यातली बहुतेक ब्रेक आणि वारा खातात. डांबर सोडून दगडी वाटेला लागलात तर शॉकच्याही वाट्याला काही येते. लांबलचक खडबडीत उतारानंतर शॉकला हात लावून पहा, तो गरम लागतो.

गरम तेलात आणखी एक अडचण असते. पिस्टन वेगाने पुढे गेला की त्याच्या मागे दाब घटतो आणि तेलात बुडबुडे सुटतात. फेसाळलेलं तेल धक्का रोखत नाही, कारण बुडबुडा चकतीला वाकवत नाही, तो स्वतःच दबतो. यावर विसाव्या शतकाच्या मध्यावर क्रिस्तियाँ बूर्सिए द कार्बों या फ्रेंच अभियंत्याने तोड काढली. तेलाच्या टोकाला एक तरंगता पिस्टन ठेवायचा, त्याच्या पलीकडे जबर दाबाचा वायू भरायचा आणि तेलाला कायम दाबाखाली ठेवायचं. दाबात बुडबुडे जन्मालाच येत नाहीत. तीच युक्ती पुढे मोटारींत आली आणि मोटरसायकलींत आली. बजाज पल्सरच्या मागच्या शॉकवर ‘नायट्रॉक्स’ लिहिलेलं आपल्याकडे कोणी वाचलेलं नाही? सायकलच्या शॉकमध्येही हाच तरंगता पिस्टन असतो, आणि त्याच्यामागे नायट्रोजन. मागच्या चाकाला दोनऐवजी एकच शॉक देण्याची कल्पनाही मोटरसायकलीकडूनच आली. ल्युसियाँ तिल्केन्स या बेल्जियन प्राध्यापकाची ती रचना यामाहाने १९७३ साली मोटोक्रॉसच्या शर्यतीत उतरवली. सायकलच्या शॉकसाठी ओळखली जाणारी बॉब फॉक्स यांची १९७४ सालची कंपनीही आधी मोटोक्रॉसचेच हवेचे शॉक बनवत होती.

म्हणजे एवढ्याशा नळीत हवा, तेल आणि नायट्रोजन असे तिघे शेजारी राहतात, आणि त्यांच्यामधली हद्द म्हणजे काही रबरी कड्या. सर्व्हिसिंग म्हणजे या हद्दी सांभाळणं. वऱ्हाडात ते अवघड आहे, आणि त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं ऊन. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. डिसेंबरातल्या सकाळी १२ अंशांना १८० पीएसआय भरली आणि मेपर्यंत हात लावला नाही (जराही गळली नाही असं धरू), तर तीच हवा ४५ अंशांना २०० च्या पुढे जाते. न भरता वीस-बावीस पीएसआय वाढली! उलट अमरावतीहून चिखलदऱ्याला चढल्यावर बाहेरचा हवेचा दाब कमी होतो, त्याचा फरक पडतो जेमतेम सव्वा पीएसआयचा. घाट चढताना लोक उंचीची काळजी करतात, आणि टिनाच्या शेडखाली तापत ठेवलेल्या सायकलची कोणी करत नाही. म्हणून हवा ऋतू बदलला की नव्याने लावावी. त्यासाठी काट्यापेक्षा सॅग, म्हणजे बसल्यावर शॉक किती दबतो ते माप, खरा: पूर्ण पोशाखात सायकलवर बसायचं, नळीवरची रबरी रिंग सीलला टेकवायची, हलकेच उतरायचं आणि रिंग किती सरकली ते मोजायचं. ५५ मिलिमीटरच्या शॉकला पंधरा-सोळा मिलिमीटर सरकली की ठीक.

दुसरं कारण माती. आपली काळी माती सह्याद्री-सातपुड्याच्या बेसाल्टची झीज आहे, आणि तिच्यातले चिकणमातीचे कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही बारीक. पावसात ती चाकाला लोण्यासारखी चिकटते, उन्हाळ्यात धुरळा होऊन सीलच्या ओठाखाली शिरते. तिथल्या ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिशची पेस्ट तयार होते आणि दर धक्क्याला नळी घासली जाते. अमरावतीजवळच्या पोहरा-मालखेडच्या टेकड्यांवरून आलेली सायकल लगेच गाडी धुण्याच्या प्रेशर गनखाली धरणाऱ्यांना मी हात जोडतो. ती धार धूळ काढत नाही, सीलच्या आत ढकलते. मऊ ब्रश, बादलीतलं पाणी आणि कोरडं फडकं पुरे.

शॉक बनवणारी रॉकशॉक्स कंपनी हवेच्या भागाची सर्व्हिस दर ५० तासांनी सांगते. रविवारी पाच तास फिरणाऱ्याला म्हणजे दहा रविवार. फॉक्स १२५ तास किंवा एक वर्ष सांगते. हा हवेचा भाग घरी उघडता येतो. वऱ्हाडातला कोणीही जुना मिस्त्री पहिलं वाक्य हेच बोलेल: “भाऊ, अगुदर हवा काढा, मंग पाना लावा.” व्हॉल्व्ह दाबून हवा सोडायची, सोडतानाच शॉक हळू दाबायचा, म्हणजे उलट कप्प्यातलीही निघते. हवा सोडूनही शॉक दबलेलाच राहिला, उघडेना, तर उलट कप्प्यात दाब अडकला आहे असं समजा आणि त्याला हात लावू नका. तसाच खोलला तर डबा गोळीसारखा सुटतो.

सगळं सुरळीत असलं की डबा हाताने फिरून निघतो. आत काळपट झालेलं ग्रीस, फोमच्या कड्या, चौकोनी छेदाचं सील आणि त्याला टेकलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. सील काढताना टोकदार स्क्रू ड्रायव्हर नको. खोबणीला एक ओरखडा गेला तर नवं सीलही गळेल. जुनं सील नखावर ताणून पाहिलं तर कडेला चपटेपणा, कधी बारीक चीर दिसते, आणि एवढ्याशा चिरीने दीडशे पीएसआय निसटत होते यावर विश्वास बसत नाही. फडक्याने पुसायचं, नवं सील बसवायचं, शॉकचं ग्रीस लावायचं आणि डब्यात सांगितलं तेवढंच तेल सोडायचं. चाकाचं ग्रीस चालत नाही. ते जाड असतं आणि आत भलतीच जागा अडवतं.

नळीवर दिसणारी तेलाची पुसट रेघ हा रोग नाही. दाबताना चुळचुळ आवाज येणं, सोडल्यावर उसळी मारणं हे मात्र डॅम्परमध्ये वायू मिसळल्याचं लक्षण, आणि तो घरी उघडायचा नाही. टायरमध्ये नायट्रोजन भरणाऱ्या दुकानाचाही तिथे उपयोग नाही. त्याचा दाब टायरपुरता, इथे त्याच्या कित्येक पट लागतो. हे काम त्यासाठी सामान असलेल्या सर्व्हिस सेंटरचं. आपण मात्र आणखी एक तपासणी करावी: सीट धरून सायकल हलकेच उचलायची. मागचं चाक उचलण्याआधी खट् असं जाणवलं तर शॉकच्या टोकाचे बुश गेले. ते जन्मभर काही अंशच फिरतात, म्हणून एकाच जागी झिजतात.

मोटरसायकलच्या पुढच्या फोर्कचं ऑइल सील बदलणारे हात अकोल्यात-अमरावतीत गल्लोगल्ली आहेत, आणि हवेच्या भागाचं काम त्यांना अर्ध्या तासाचं आहे. अडतं ते सीलच्या किटपाशी. मागवताना शॉकवर कोरलेला क्रमांक लिहून घ्या, कारण मॉडेलचं नाव तेच राहून वर्ष बदललं तरी सीलचं माप बदलू शकतं.