एका तबकडीत ८०० मीटर!

बँड फ्लीटवुड मॅक. अल्बम 'रूमर्स'. प्रकाशन ४ फेब्रुवारी १९७७. अकरा गाणी, जेमतेम ४० मिनिटं. आणि जगभरातला खप? चार कोटींच्या वर! २०११च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी होती. म्हणजे चांदा ते बांदा घरोघर फिरा आणि दर तिघांमधल्या एकाच्या हातात हा अल्बम ठेवा. तरीही गठ्ठ्यात काही उरतीलच.

या चार कोटींत कॅसेटी आल्या, सीड्या आल्या. पण आपण आज सगळ्यांच्या काळ्या तबकड्याच करून टाकू, म्हणजे हिशोबाला रंग चढेल! तबकडी ३० सेंटिमीटर रुंद. एकीला एक चिकटवून ओळीनं मांडत चला. मुंबईहून पुणं आलं, १५० किलोमीटर झाले. अजून ढीग तसाच. परत फिरा, मुंबई गाठा. पुन्हा पुणं. असे चाळीस वेळा जाऊन चाळीस वेळा परत या, तेव्हा कुठे शेवटची तबकडी रस्त्यावर टेकेल: बारा हजार किलोमीटर! आता त्या उचलून मालगाडीत भरू. वेष्टनासकट एकीचं वजन २०० ग्रॅम धरलं तर आठ हजार टन माल. एका डब्यात ६० टन. डबे लागले १३४. बेचाळीस डब्यांच्या तीन गाड्या भरल्या, तरी आठ डबे फलाटावर उभेच!

आणि एवढा डोंगर उभा केला किती जणांनी? पाच जणांनी. गाणी लिहिणारे तर तिघंच. ख्रिस्टीन मॅकव्हीची चार, लिंडसी बकिंगहॅमची तीन, स्टीव्ही निक्सची तीन आणि 'द चेन' हे एकटं पाचही जणांच्या नावावर. सगळं रेकॉर्डिंग १९७६ साली, मुख्यतः कॅलिफोर्नियातल्या सॉसलिटो गावच्या रेकॉर्ड प्लँट स्टुडिओत. त्या वेळी या पाचांपैकी एकाचंही घर धड नव्हतं. ख्रिस्टीन आणि जॉन मॅकव्ही नवरा-बायको, ते वेगळे होत होते. स्टीव्ही आणि लिंडसीचं बिनसलेलं. ड्रमवाल्या मिक फ्लीटवुडचाही संसार मोडत चाललेला. लिंडसीनं 'गो युअर ओन वे' लिहिलं ते स्टीव्हीबद्दल, आणि त्यात मागून सूर द्यायला उभी कोण? स्टीव्हीच! ख्रिस्टीननं नव्या प्रेमावर गाणं रचलं, आणि त्याला बास वाजवला जॉननं. मला या अल्बममधली सगळ्यात अफाट गोष्ट हीच वाटते. ज्यानं जखम केली त्याच्याच शेजारी उभं राहून, ताल न चुकवता, पुन्हा पुन्हा तेच गाणं. इतक्या वेळा की यंत्रातून फिरून फिरून मूळ टेप झिजायला लागली!

आता 'ड्रीम्स' घ्या. स्टीव्हीनं ते साधारण दहा मिनिटांत लिहिलं. मुख्यतः दोनच कॉर्ड्सवर उभं राहिलेलं हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. लांबी ४ मिनिटं १४ सेकंद. चार कोटी लोकांनी ते एकदाच, फक्त एकदाच ऐकलं असं धरा. ऐकण्याचा वेळ जोडत गेलात तर ३२२ वर्षं होतात! १६७४ला रायगडावर राज्याभिषेक झाला त्या दिवशी ऐकायला बसा, रात्रंदिवस ऐका, थेट १९९६ उजाडेल. दहा मिनिटांची मेहनत, आणि ती फळली एक कोटी सत्तर लाख पटीनं. कुठल्या शेतात असं पीक येतं?

अल्बम अमेरिकेत ३१ आठवडे अव्वल राहिला, वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमीही मिळालं. ते आकडे इथे किरकोळ वाटतात, कारण खरी गंमत तबकडीच्या पोटात आहे. प्रत्येक बाजूला एकच खाच असते, गोल गोल आत जाणारी. मिनिटाला सव्वातेहतीसच्या थोडे वर फेरे, वीस मिनिटांत ६६६. एक फेरा सरासरी ६० सेंटिमीटर धरू, हात आखडूनच धरू. एका बाजूची खाच झाली ४०० मीटर. दोन्ही बाजूंची ८००! आता गुणा चार कोटींनी: तीन कोटी वीस लाख किलोमीटर! चंद्रावर जाऊन परत या, पुन्हा जा, पुन्हा या, एकेचाळीस वेळा! नाहीतर आपली डेक्कन क्वीन काढा. मुंबई ते पुणे रुळांवरून १९२ किलोमीटर, रोज एकदा जाणं, एकदा येणं, एकही दिवस सुट्टी नाही. या खाचेएवढं अंतर कापायला तिला लागतील २२८ वर्षं! बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली १८५३ साली. डेक्कन क्वीन त्याच दिवशी निघाली असती, तरी ती २०८१ सालापर्यंत धावतच राहिली असती!