ती सभा आईची होती

तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम उरकून इंदापूरच्या वाटेला लागली की काटेवाडीत थांबते. पायघड्या म्हणून धोतरे अंथरली जातात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. एरवी ही वाट उसाच्या गाड्यांची. एका बाजूला बारामतीचा बाजार, दुसऱ्या बाजूला इंदापूर तालुक्यातले भवानीनगर. याच वाटेवरच्या काटेवाडीतून डिसेंबर १९४० मध्ये एक बाळंतीण सर्व्हिस मोटारीत बसून पुण्याला निघाली. (एसटीचा जन्म व्हायला अजून साडेसात वर्षे होती.) कुशीत तीन दिवसांचे मूल. पुण्यात जिल्हा लोकल बोर्डाची सभा होती आणि बाई सभासद होत्या. सभा चुकवायची नाही, हा त्यांचा शिरस्ता.

ही गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. कारण ते मूल म्हणजे शरद पवार. मी तिसऱ्या दिवशीच राजकीय सभेला हजर होतो, असे त्यांनी स्वतःच गमतीने सांगितले आहे, लिहिलेही आहे. ऐकणारे हसतात आणि गोष्ट तिथेच संपते. पण सभेचे निमंत्रण काही त्या बाळाला नव्हते. ती सभा आईची होती. शारदाबाई गोविंदराव पवार यांची.

शारदाबाईंचा जन्म १९११ सालचा. माहेर भोसल्यांचे, कोल्हापूरकडच्या पन्हाळा तालुक्यातले गोलिवडे. पुण्यात त्या सेवासदनमध्ये शिकल्या. रमाबाई रानड्यांनी उभी केलेली ही संस्था. परक्या गावी राहून शिकणे, चार बायकांत धीटपणे बोलणे, हिशेब मांडणे या गोष्टी तिथे अंगवळणी पडत. त्या काळच्या मराठा शेतकरी घरातली मुलगी शिकायला पुण्यास जाते, याचे अप्रूप आज वाटणार नाही. तेव्हा गावात ती बातमी होत असे. लग्नानंतर त्या काटेवाडीच्या झाल्या. गोविंदराव बारामतीच्या सहकारी खरेदी-विक्री संघाच्या कामात. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरची शेती आणि वाढता संसार बऱ्याच अंशी बाईंकडे. पुढे सात मुलगे, चार मुली. अकरा!

१९३८ मध्ये त्या पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या. आजच्या तरुण वाचकाला लोकल बोर्ड म्हणजे काय, हे सांगावे लागेल. जिल्हा परिषदेची ही थोरली बहीण म्हणा. रस्ते, विहिरी, धर्मशाळा, दवाखाने अशी कामे बोर्डाकडे असत. पैसा तुटपुंजा, आणि सरसकट सगळ्यांना मत नव्हते. शेतसारा किंवा कर भरणाऱ्यांचीच नावे यादीत. १९६२ च्या १ मे रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि बोर्डे इतिहासजमा झाली. त्यांच्याबरोबर त्या सभागृहांत घसा कोरडा करणाऱ्या कित्येकांची नावेही पुसली गेली.

फेटे आणि टोप्यांच्या त्या सभेत शारदाबाई १९५२ पर्यंत बसल्या. एकदा हौसेने निवडून आल्या आणि घरी परतल्या, असे झाले नाही. मधल्या काळात महायुद्ध झाले, बेचाळीस झाले, स्वातंत्र्य आले आणि घरात पाळणाही हलत राहिला. आपल्याकडे बायकांच्या सार्वजनिक कामाचे कौतुक करताना ‘घर सांभाळून’ हे दोन शब्द चिकटवण्याची खोड आहे. मला ते कधीच आवडले नाहीत. गोविंदरावांनी खरेदी-विक्री संघ ‘घर सांभाळून’ चालवला, असे कुणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तरी खरे ते खरे. ओल्या बाळंतिणीला तेव्हा रजा कोण देणार? मूल घरी ठेवता येत नव्हते आणि सभा सोडायची नव्हती, म्हणून दोन्ही बरोबर नेले. त्या प्रवासाचा अर्थ इतकाच, आणि तो पुरेसा आहे.

विचाराने घर सत्यशोधकी वळणाचे, पुढे शेतकरी कामगार पक्षाचे. हा पक्ष उभा करणाऱ्यांत केशवराव जेधे होते. पुढे जेधे काँग्रेसमध्ये परतले, १९५७ मध्ये बारामतीचे खासदार झाले आणि १९५९ मध्ये वारले. त्यांच्या जागेसाठी १९६० मध्ये पोटनिवडणूक लागली. काँग्रेसतर्फे गुलाबराव जेधे उभे राहिले. समोर शेकापचे आणि संयुक्त महाराष्ट्र समितीचे उमेदवार होते वसंतराव पवार, शारदाबाईंचे थोरले चिरंजीव. धाकटा शरद तेव्हा पुण्यात कॉलेजात आणि काँग्रेसच्या कामात. आता काय करायचे? थोरल्या भावाविरुद्ध मते मागायची? आईने त्याला अडवले नाही. तुला पटलेल्या पक्षाचे काम कर, संकोच धरू नकोस, असा तिचा कौल होता. वसंतराव हरले, काँग्रेस जिंकली.

विचार करा, ज्या माउलीचा पक्ष हरला, मुलगा हरला, तिच्याच दुसऱ्या मुलाने विरुद्ध बाजूचा प्रचार केला होता. त्या रात्री त्या घरात जेवणे कशी झाली असतील? घर मात्र मोडले नाही. मुलगी सरोज पुढे शेकापचे एन. डी. पाटील यांची पत्नी झाली. एन. डी. १९७८ मध्ये मेहुण्याच्या मंत्रिमंडळात सहकारमंत्री होते आणि नव्वदीत एन्रॉनच्या प्रश्नावर त्याच मेहुण्याविरुद्ध रस्त्यावर. २०२४ मध्ये बारामतीत सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार, म्हणजे शारदाबाईंची नात आणि नातसून, समोरासमोर लढल्या. सुप्रियाताई जिंकल्या. तेव्हा वाहिन्यांना हा प्रकार अगदी नवा वाटला होता.

बाईंच्या शरीराने मात्र त्यांना फार छळले. एका जखमी वळूने त्यांच्यावर हल्ला केला. मांडीचे हाड मोडले, पाय आखूड झाला आणि चालायला कुबडीचा आधार घ्यावा लागला. कामाची सवय तरीही सुटली नाही. १९७५ मध्ये त्या गेल्या. मुलगा तेव्हा मंत्रिमंडळात होता. त्याचे मुख्यमंत्रिपद त्यांना पाहायला मिळाले नाही. १९९४ मध्ये त्याच मुलाच्या सरकारने राज्याचे महिला धोरण जाहीर केले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा हिस्सा देणारा कायदाही त्याच वर्षी महाराष्ट्रात आला. त्याच सुमारास स्थानिक संस्थांत बायकांसाठी तेहतीस टक्के जागा आल्या आणि २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. १९३८ मध्ये शारदाबाईंना लोकल बोर्डाच्या सभेला जाताना बरोबर कोण होते?

बारामतीजवळ माळेगावला आज शारदानगर आहे. मुलींचे महाविद्यालय आहे, त्याला शारदाबाईंचेच नाव आहे. नाव कुणाचे म्हणून विचारले तर ‘साहेबांच्या आईचं’ असे उत्तर चटकन मिळते. पुढचे सांगायला मात्र कुणीतरी जाणते माणूस गाठावे लागते.