जुन्या गाडीचे ब्रेक : सुधारणा कोठून सुरू करावी?

पुण्यातील एखाद्या जुन्या सोसायटीच्या आवारात फेरी मारली, तर आच्छादनाखाली जपून ठेवलेली मारुती ८००, झेन, सँट्रो किंवा जुनी वॅगन आर हमखास दृष्टीस पडते. गाडीचे वय अठरा-वीस वर्षे आणि मालकाचे वय साठीच्या पुढचे. कर्ज कधीच फिटलेले असते. पंधरा वर्षांनंतरचे नोंदणीचे नूतनीकरणही झालेले असते. इंजिन पहिल्या किल्लीला सुरू होते. अशी गाडी मोडीत काढण्यास मन धजत नाही आणि त्याचे काही कारणही दिसत नाही.

अशाच एका घराचे उदाहरण घेऊ. मे महिन्याच्या सुटीत लेक आणि दोन नातवंडे आली आहेत. खंडाळ्याचा घाट उतरून अलिबागला जाण्याचा बेत ठरला आहे. आदल्या आठवड्यात लेक बाजारात गाडी घेऊन गेली आणि परत आल्यावर म्हणाली, “बाबा, ब्रेक फार खाली जाऊन लागतो.” वडिलांचे उत्तर तयार होते, “गाडी थांबते ना? मग झाले तर!” तरीही शंका राहिलीच, म्हणून गाडी गॅरेजमध्ये नेली. तेथील तरुण मेकॅनिक उत्साहाने म्हणाला, “काका, चारही चाकांना डिस्क बसवून टाकू. एकदम नव्या गाडीसारखी होईल.” शेजाऱ्यांचे मत मात्र असे, की वीस वर्षे काही झाले नाही, आता उगाच खर्च कशाला?

एक सल्ला सर्व काही बदलण्याचा आहे आणि दुसरा काहीच न करण्याचा. दोन्हींत मूळ प्रश्न बाजूला राहतो. तो असा, की गाडी नेमकी कशामुळे थांबते आणि त्यातले काय वयानुसार क्षीण झाले आहे?

थांबणे म्हणजे काय?

ब्रेक गाडीची गतिज ऊर्जा घर्षणाने उष्णतेत रूपांतरित करतो. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीत जेवढी ऊर्जा असते, तेवढी ती सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार-साडेचार मजली इमारतीवरून, खाली पडल्यास निर्माण होईल. वेग ८० वर गेला, की हीच उंची २५ मीटरांच्या पुढे जाते. वेग एक-तृतीयांशाने वाढला, तरी ब्रेकवरचा भार जवळजवळ पावणेदोन पट होतो.

कोरड्या, चांगल्या रस्त्यावर उत्तम टायर असलेली छोटी गाडी ताशी ६० च्या वेगातून साधारण २० मीटरांत थांबू शकते. चालकाच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो आणि तेवढ्यात गाडी आणखी १७ मीटर पुढे गेलेली असते. एकूण अंतर सुमारे ३७ मीटर. ताशी ८० च्या वेगात हाच हिशेब ५८ मीटरांवर जातो. ब्रेक दुर्बळ असेल, तर या आकड्यांत पडणारी भर समोरच्या वाहनापर्यंतच्या अंतरातून वजा होते.

पायाचा दाब चाकापर्यंत जातो तो एका साखळीने. पेडल, बूस्टर, मास्टर सिलिंडर, ब्रेक ऑइल, नळ्या, कॅलिपर व व्हील सिलिंडर, पॅड व लायनर, डिस्क व ड्रम आणि शेवटी टायर. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, या पास्कलच्या नियमावर मधले सारे काम चालते. साखळीतील एक कडी कच्ची असेल, तर बाकीच्या कितीही महागड्या कड्या निरुपयोगी ठरतात. आणि रस्त्याला टेकलेली कडी एकच, ती म्हणजे टायर. टायरची पकड जितकी, त्याहून अधिक जोराने कोणताही ब्रेक गाडी थांबवू शकत नाही.

पहिली पायरी : मूळ शक्ती परत मिळवणे

म्हणूनच सुधारणेचा आरंभ टायरपासून व्हावा. टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते. २३१९ याचा अर्थ २०१९ मधील तेविसावा आठवडा. कमी चालणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत दिसते, पण वर्षानुवर्षे उभ्या राहून रबर कडक झालेले असते. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली, की टायर बदलणे बंधनकारकच आहे. परंतु सहा-सात वर्षे उलटलेल्या टायरची तपासणी खोली न पाहताही करून घ्यावी.

त्यानंतर ब्रेक ऑइल. त्याला सर्वत्र ऑइल म्हणतात, पण ते तेल नव्हे. तो हवेतील ओलावा शोषून घेणारा ग्लायकॉलवर्गीय द्रव आहे. कोरड्या अवस्थेत डॉट ३ प्रकारच्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा, असे मानक सांगते. मात्र ३.७ टक्के पाणी मुरले, की ही किमान मर्यादा १४० अंश इतकीच उरते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. द्रव उकळला, की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, दाब पुढे जात नाही आणि पेडल सरळ तळाला टेकते. म्हणून दर दोन वर्षांनी जुना द्रव पूर्ण काढून नवा भरणे आवश्यक असते. डॉट ३ च्या जागी डॉट ४ भरणे हीच जुन्या गाडीतील सर्वांत स्वस्त आणि खरी सुधारणा होय. त्यासाठी काहीशे रुपये लागतात. केवळ डॉट ५ म्हणून मिळणारा द्रव सिलिकॉनचा असतो. तो यात मिसळू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे रबर. चाकाजवळच्या लवचीक होज पाइपला बाहेरून चिरा दिसल्या नाहीत, तरी वीस वर्षांनी तो आतून फुगतो किंवा दाबाखाली ताणला जातो. मग पायाचा जोर पाइप फुगवण्यात खर्ची पडतो. मास्टर सिलिंडर व व्हील सिलिंडरमधील रबरी वायसर झिजले, की पाय दाबून धरला असताना पेडल हळूहळू खाली सरकते. उदाहरणातील गाडीत नेमके हेच दोन दोष निघू शकतात. जोडीला मागच्या ड्रममधील लायनर झिजून अंतर वाढलेले असते. त्यामुळेही पेडल खाली जाते.

दुसरी पायरी : उंचावणारी सुधारणा

मूळ व्यवस्था नीट झाली, की मग दर्जा उंचावण्याचा विचार करावा. नामांकित उत्पादकाचे चांगल्या प्रतीचे पॅड घ्यावेत. ते नेहमी डाव्या-उजव्या चाकांना जोडीनेच बदलावेत, अन्यथा गाडी एका बाजूला ओढते. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते. तेवढी झीज झाली असेल, तर डिस्कही जोडीने बदलावी. कॅलिपरच्या पिना साफ करून योग्य ग्रीस लावावे. नवे पॅड बसवल्यावर पहिले काही दिवस मध्यम वेगातून हळुवार ब्रेक लावत पॅड व डिस्क एकमेकांशी जुळू द्यावेत. त्या काळात घाटात जाऊ नये.

जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. म्हणून ड्रम उघडल्यावर आतील धूळ हवेच्या झोताने उडवू न देता ओल्या फडक्याने पुसण्याचा आग्रह धरावा. यात मेकॅनिकचेही हित आहे.

त्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीत कंपनीनेच बूस्टर किंवा मोठी डिस्क दिलेली असेल, तर तो संच बसवता येतो. मात्र डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर आणि बूस्टर एकमेकांसाठी बेतलेले असतात. त्यांतील एकच भाग उचलून बसवला, तर पेडल एक तर दगडासारखे कठीण होते किंवा फार मऊ. शिवाय जागेचा प्रश्न आहे. मारुती ८०० चे चाक १२ इंची. त्याच्या आत मोठी डिस्क मावणार कोठे?

चार डिस्कचा मोह

ब्रेक लावताच गाडीचे वजन पुढच्या चाकांवर झुकते. छोट्या गाडीत थांबवण्याचे बहुतांश काम पुढची चाकेच करतात, म्हणून या गाड्यांत पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशी रचना असते. मागचा ब्रेक मुद्दाम सौम्य ठेवलेला असतो. पुढची चाके आधी घसरली, तर गाडी निदान सरळ जाते. मागची आधी जखडली, तर गाडी गर्रकन फिरते. मागे जोरकस डिस्क बसवणे म्हणजे हा विचारपूर्वक साधलेला तोल बिघडवणे होय. दिसायला भारदस्त असणारा हा खर्च पावसाळी रस्त्यावर घातक ठरू शकतो.

एबीएस ही चाक जखडू न देणारी व्यवस्था भारतात सर्व नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून अनिवार्य झाली. जुन्या गाडीत ती मागाहून बसवणे व्यवहार्य नाही. जुन्या गाडीच्या चालकाने हे वास्तव स्वीकारून वेग आणि अंतर राखले पाहिजे. कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्र विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. मोठा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

घाटातील परीक्षा

आता अलिबागचा प्रवास. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंतचा उतार सुमारे ५०० मीटरचा. ६० च्या वेगाची ऊर्जा १४ मीटर उंचीइतकी, हे लक्षात घेतल्यास हा उतार केवळ ब्रेकवर उतरणे म्हणजे ताशी ६० च्या वेगातून सुमारे ३५ वेळा गाडी थांबवण्यासारखे आहे. यातील थोडा वाटा हवा व टायरचा विरोध उचलतो. उरलेली सारी उष्णता लहानशा डिस्क आणि ड्रमला सोसावी लागते. तापलेला ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर जातो, पॅडचे घर्षण घटते आणि जुना द्रव उकळू लागतो. तिन्ही गोष्टी एकाच वळणावर घडू शकतात.

पेट्रोल वाचवण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रल करण्याची, क्वचित इंजिनच बंद करण्याची सवय जुन्या चालकांत आढळते. ती तत्काळ सोडली पाहिजे. बूस्टर इंजिनच्या निर्वाताच्या बळावर चालतो. इंजिन बंद झाले, की दोन-तीन वेळा पेडल दाबताच ते बळ संपते. ज्या गियरमध्ये घाट चढावा, साधारण त्याच गियरमध्ये तो उतरावा. ब्रेकवर सतत पाय ठेवू नये. ठामपणे दाबून वेग कमी करावा, मग पाय उचलावा आणि डिस्कला थंड होऊ द्यावे.

निघण्यापूर्वी घरच्या घरीही तपासणी होते. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबून धरावे आणि इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले, तर बूस्टर कार्यक्षम आहे. पेडल स्पंजासारखे लागले, तर नळीत हवा आहे. दाबून धरल्यावर ते सरकत राहिले, तर वायसर गळतात. पायाला थरथर जाणवली, तर डिस्क असमान झिजली आहे. यांतील कोणतेही लक्षण दिसले, तर प्रवास पुढे ढकलावा.

उदाहरणातील घरात हाच निर्णय व्हावा. चार डिस्कचा बेत रद्द करून टायर, द्रव, होज पाइप, वायसर, पॅड व लायनर हे काम करून घ्यावे आणि अलिबागला एक आठवडा उशिरा निघावे. नातवंडे हिरमुसतील, पण समुद्र तेथेच राहणार आहे. हिशेबवहीत अशा गाडीचे मूल्य घसारा वजा जाता शून्याजवळ आलेले असते. मागच्या आसनावर बसलेल्यांना घसारा लागू होत नाही. “ब्रेक खाली जाऊन लागतो,” असे लेकीने सांगितले, तेव्हा ती तक्रार करत नव्हती. गाडीची सर्वांत महत्त्वाची नोंद तिने वाचून दाखवली होती.