बेथेल : गावकुसाबाहेरच्यांचे गाव

नांदेडहून मनमाडच्या गाडीत बसले की पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू, परतूर अशी स्थानके मागे टाकत जालना येते. लातूरकर परळीमार्गे परभणीला येऊन याच वाटेला लागतात. जालना म्हटले की आज लोखंडी सळया आणि बियाणे डोळ्यांपुढे येतात. पण याच शहराजवळ, १८६०च्या दशकात, मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासातला एक विलक्षण प्रयोग सुरू झाला. ज्यांना शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले, त्यांचेच एक अख्खे गाव उभे राहिले. त्याचे नाव बेथेल. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ते वसवले, आणि तिथे राहायला आली ती मुख्यतः मांग समाजातली ख्रिस्ती कुटुंबे.

मराठवाड्यातला सुरुवातीचा ख्रिस्ती समाज कोणत्या माणसांचा होता, हे समजून घ्यायचे तर बेथेलइतके बोलके ठिकाण दुसरे नाही.

छावणी आणि दिवाण

कुंडलिका नदीच्या एका काठाला जालना, दुसऱ्या काठाला कादराबाद आणि जवळच इंग्रजांची लष्करी छावणी, अशी त्या काळची वस्ती होती. मुलूख निजामाचा. रेल्वे यायला अजून तीन-चार दशके होती. गोदावरी खोऱ्यातला लोहमार्ग १९००च्या सुमारास झाला. अशा आडमार्गाच्या भागात मुंबईहून स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे काम घेऊन शेषाद्री आले. नव्या वस्तीसाठी त्यांना जमीन मिळाली ती निजामाचे दिवाण सर सालार जंग यांच्याकडून. १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे हैदराबाद संस्थानचा कारभार पाहणारे आणि महसुलाची नवी घडी बसवणारे हेच ते सालार जंग. मुसलमान दिवाणाची जमीन, स्कॉटिश मिशनचा आधार, ब्राह्मण घरात जन्मलेला पाळक आणि मांग रहिवासी, अशा चार घटकांतून हे गाव आकाराला आले.

पाळक कोण होता?

नारायण शेषाद्री हे जॉन विल्सन यांच्या मुंबईतल्या शाळेचे विद्यार्थी. सप्टेंबर १८४३मध्ये रॉबर्ट नेस्बिट यांच्या हस्ते त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि मुंबईत मोठी खळबळ उडाली. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे गेला होता. तो अजाण म्हणून वडिलांनी न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयाने मुलगा वडिलांच्या हवाली केला. मिशनच्या घरात राहिलेल्या त्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावरून पुढे मोठा वाद पेटला. परत घ्यावे म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही त्याचा ताप सोसावा लागला. श्रीपत घरी परतला. नारायणाला घराचे दार कायमचे बंद झाले.

१८५४मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १८७३मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ते बोलले. इतक्या विद्येच्या आणि मानाच्या माणसाला मुंबईत राहून अध्यापन करता आले असते. त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे जालन्याच्या मांगवाड्यांना दिली, आणि त्यांच्या मोठेपणाचे माप तिथेच घ्यायला हवे.

रहिवासी कोण होते?

गावगाड्यात मांगाचे काम जन्मानेच ठरलेले असे : दोरखंड वळायचे, केरसुण्या बांधायच्या, लग्नकार्यात वाजवायचे, गावाची राखण करायची. विहिरीवरची मोट ज्या नाड्याने ओढली जाई तो नाडा मांगाच्या हातचा. त्या विहिरीच्या पाण्याला मात्र त्याने शिवायचे नाही. हे दुःख त्या काळी शब्दांत मांडले ते पुण्यात फुले दांपत्याच्या प्रेरणेने शिकलेल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीने. तिचा निबंध १८५५मध्ये ‘ज्ञानोदय’त छापून आला. ‘ज्ञानोदय’ हे अहमदनगरहून १८४२मध्ये अमेरिकन मिशनने सुरू केलेले नियतकालिक होते, ही नोंदही इथे महत्त्वाची आहे. मांगवाड्यातला आवाज छापील कागदावर उतरला तेव्हा त्याला जागा देणारे हे एक ठिकाण होते.

बेथेलमध्ये शेती, शाळा, हातकाम आणि उपासना यांची एकत्र मांडणी झाली. आपल्याकडे या गावाकडे ‘धर्मांतराची वसाहत’ म्हणून पाहण्याची सवय आहे. ती नजर बाजूला ठेवून मांग कुटुंबाच्या उंबऱ्यातून पाहिले, तर वेगळे चित्र दिसते. इथे पाणवठ्यावर थांबायला सांगणारा कोणी नव्हता. मूल शाळेत गेले तर त्याला बाहेर बसवणारा कोणी नव्हता. जोहार करायला पाटलाची ओसरी नव्हती. गाव होते आणि त्याला मांगवाडा नव्हता.

‘दुष्काळात धान्यासाठी बाटले’ असा शेरा या समाजावर सर्रास मारला जातो. बेथेलच्या बाबतीत कालक्रमच तो खोडून काढतो. दख्खनचा मोठा दुष्काळ १८७६ ते १८७८चा. हे गाव त्याआधीच उभे राहू लागले होते. माणसांना जमीन हवी होती, अक्षर हवे होते, मान हवा होता. या गरजा धान्याइतक्याच खऱ्या आहेत आणि त्यांसाठी कोणी खाली मान घालण्याचे कारण नाही.

एकटे आलेले आणि कुटुंबासह आलेले

मराठी ख्रिस्ती समाजाची घडण पाहिली तर दोन प्रवाह ठळक दिसतात. वरच्या जातीतला माणूस बहुधा एकटा आला. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेणारे नारायण वामन टिळक हे त्याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. लक्ष्मीबाई पुढे आल्या, पण त्याआधी वर्षानुवर्षांची ताटातूट झाली. मांग आणि महार आले ते घरेच्या घरे, भाऊबंदांसह. पहिल्या प्रवाहाने मराठीला ग्रंथकार, कवी आणि संपादक दिले. दुसऱ्या प्रवाहाने मंडळ्या, म्हणजे चर्चचे स्थानिक समुदाय, उभ्या केल्या. पुस्तकांत नावे राहिली पहिल्यांची. देवळाची बाके भरली, शेते कसली, मुले शिकवली ती दुसऱ्यांनी.

पहिल्या शतकातल्या भूमध्य समुद्राकाठच्या ख्रिस्ती मंडळ्यांची रचनाही अशीच मिश्र होती. तुमच्यात विद्वान, बलवान, कुलीन फारसे नाहीत, असे प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो. पण त्याच वर्तुळात नगराचा खजिनदार एरास्त आहे, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया आहे, तंबू शिवणारे अक्विला आणि प्रिस्किल्ला आहेत, आणि अनेसिम हा गुलामही आहे. सन ११२च्या सुमारास रोमन अधिकारी प्लिनीने सम्राट त्राजानला कळवले की या पंथात सर्व दर्जांची माणसे आहेत; त्याने चौकशीसाठी छळलेल्या दोन सेविका गुलाम स्त्रिया होत्या. करिंथमध्ये खाऊनपिऊन सुखी असलेले लोक प्रभुभोजनाला आधीच जेवून घेत आणि कष्टकरी उपाशी राहत, म्हणून पौलाने त्यांना कडक शब्दांत सुनावले.

पंगतीचा तो प्रश्न महाराष्ट्रातही आला. एका पेल्यातून प्रभुभोजन घ्यायचे म्हटल्यावर महार आणि मांग या दोन समाजांतली जुनी तेढ जागी होई, आणि सोयरिकी पुढेही बहुधा पूर्वीच्या जातीतच जुळत राहिल्या. बेथेलचा पाळक ब्राह्मण घरातला आणि मंडळी मांग, ही जोडी हृद्य आहे. पण वाचन, लेखन आणि निर्णय कोणाच्या हाती एकवटले होते, हेही ती सांगते. जात ओलांडण्याचे काम बाप्तिस्म्याच्या एका दिवसात संपत नाही.

नांदेड-लातूरचा धागा

या दोन जिल्ह्यांना बेथेल दूरचे वाटण्याचे कारण नाही. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, आणि बिदरला अमेरिकन मेथडिस्टांचे ठाणे होते. नांदेडच्या पूर्वेला तेलुगू मुलखात वेस्लियन मिशनचे काम माला आणि मादिग समाजांत पसरले. मादिग आणि मांग यांच्या वाट्याला आलेले जिणे सारख्याच जातीचे. म्हणजे जालन्यापासून बिदर-मेदकपर्यंत निजामी मुलखातला प्रोटेस्टंट समाज गावकुसाबाहेरच्या घरांतूनच घडला.

स्वातंत्र्यानंतर या घरांपुढे नवा पेच आला. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरले जाते. २०२२मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर आयोग नेमला. मराठवाड्यातल्या कित्येक कुटुंबांना कागदावर काय लिहायचे आणि घरात कोणती प्रार्थना म्हणायची, यांत फारकत करावी लागते. धर्म बदलल्याने शेजाऱ्याच्या मनातली जात गेली नाही. कायद्याने मात्र ती गेल्याचे गृहीत धरले.

म्हणूनच बेथेलचा अभ्यास आज व्हायला हवा. फ्री चर्चच्या मिशनचे दप्तर एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. वृद्धांच्या आठवणी, घराण्यांची नावे आणि कबरींवरची अक्षरे इथे, मराठवाड्यात आहेत. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथील विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी ही दोन्ही टोके जोडली, तर नारायण शेषाद्रींच्या चरित्राबरोबर त्यांच्या मंडळीचाही इतिहास लिहिता येईल. पाळकाचे नाव आपल्याला ठाऊक आहे. ज्यांनी हे गाव नांगरले आणि नांदवले, त्यांची नावे शोधण्याचे काम आपल्या पिढीकडे आहे.