शस्त्रक्रिया संपली, पण स्नायू जागे झाले का?

घरातील वृद्ध व्यक्तीची शस्त्रक्रिया ठरली की नातलगांच्या मनात पहिली शंका येते ती हृदयाची. ‘या वयात भूल सोसवेल का?’ या प्रश्नामागे तीच भीती असते. प्रत्यक्षात पोटाच्या किंवा छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वृद्ध रुग्णाचा रुग्णालयातील मुक्काम लांबवणाऱ्या कारणांत फुफ्फुसांच्या तक्रारी अग्रभागी असतात. न्यूमोनिया होणे, फुफ्फुसाचा काही भाग आक्रसणे, रक्तातील प्राणवायू घटणे या त्या तक्रारी होत. त्यांचे एक टाळता येण्याजोगे कारण शस्त्रक्रियागृहातच असते. ते म्हणजे स्नायू शिथिल करण्यासाठी दिलेल्या औषधाचा पूर्णपणे न उतरलेला अंमल.

पूर्ण भूल म्हणजे केवळ झोप नव्हे. रुग्णाची शुद्ध हरपावी, वेदना जाणवू नये आणि स्नायू सैल पडावेत, अशी तीन कामे त्यात साधावी लागतात. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणाच्या टोकाला लावत असलेले ‘क्युरारे’ हे विष १९४२ साली माँट्रियल येथे हॅरॉल्ड ग्रिफिथ व एनिड जॉन्सन यांनी भूल देताना वापरले आणि या तिसऱ्या कामाचा मार्ग खुला झाला. आज व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम, अ‍ॅट्राक्युरियम ही औषधे त्याच कामासाठी दिली जातात. मज्जातंतूकडून स्नायूला आज्ञा पोहोचवणारे रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. ही औषधे त्याची स्नायूवरील जागा अडवून बसतात. आज्ञा निघते, पण पोहोचत नाही.

वाढत्या वयात यकृत आणि मूत्रपिंड यांचे कार्य मंदावते. त्यामुळे रोक्युरोनियम व व्हेक्युरोनियम यांचा अंमल वृद्धांत अधिक काळ टिकतो. त्यातही फसवणारी एक गोष्ट आहे. श्वासपटल हा श्वसनाचा मुख्य स्नायू लवकर सावरतो, घशाचे स्नायू मात्र मागे राहतात. रुग्ण श्वास घेताना दिसतो, हाक मारल्यावर डोळेही उघडतो. पण त्याला नीट गिळता येत नाही, जोर लावून खोकता येत नाही. अशा वेळी लाळ वा पोटातील पाणी श्वासमार्गात उतरण्याचा धोका असतो.

दोन उतारे

हा अंमल उतरवण्यासाठी अनेक दशके वापरात असलेले औषध म्हणजे निओस्टिग्मिन. ते अ‍ॅसिटिलकोलिनचे विघटन रोखते, त्याचे प्रमाण वाढवते आणि अडलेल्या जागा परत मिळवून देते. ते स्वस्त आहे. पण त्याच्या शक्तीला मर्यादा आहे. अंमल खोल असेल तर ते पुरे पडत नाही. शिवाय त्याने नाडी मंदावते, म्हणून सोबत ग्लायकोपायरोलेट किंवा अ‍ॅट्रोपिन द्यावे लागते.

दुसरा उतारा सुगमाडेक्स. युरोपात २००८ मध्ये व अमेरिकेत २०१५ मध्ये त्याला मान्यता मिळाली. हा शर्करेच्या रेणूंचा एक कडा असून तो रोक्युरोनियम वा व्हेक्युरोनियमच्या रेणूला आपल्या पोकळीत कोंडून घेतो. त्यामुळे खोल अंमलही काही मिनिटांत उतरतो. मात्र अ‍ॅट्राक्युरियमवर तो चालत नाही, मूत्रपिंडाचा गंभीर विकार असल्यास त्याची शिफारस केली जात नाही आणि किमतीने तो बराच महाग आहे.

मग महाग औषधाने फुफ्फुसे वाचतात काय? उत्तर सरळ नाही. अमेरिकेतील ४५,७१२ रुग्णांच्या नोंदींवर आधारित २०२० च्या अभ्यासात फुफ्फुसांच्या गंभीर तक्रारी सुगमाडेक्स घेतलेल्यांत ३.५ टक्के, तर निओस्टिग्मिन घेतलेल्यांत ४.८ टक्के आढळल्या. त्याच वर्षी सत्तर वर्षे व त्यावरील २०० रुग्णांवरील चाचणीत उरलेल्या अंमलाचे प्रमाण सुगमाडेक्समुळे ४९ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. पण फुफ्फुसांच्या तक्रारींत ठोस फरक सिद्ध झाला नाही. अर्थात, चांगला उतारा आवश्यक असला तरी तो एकटा पुरेसा नाही.

अंदाज नको, मोजमाप हवे

अंमल उतरला की नाही, हे डोळ्यांनी वा हाताने नेमके कळत नाही. मनगटाजवळच्या मज्जातंतूला चार सौम्य विद्युत्‌ धक्के देऊन अंगठ्याची हालचाल यंत्राने मोजतात. चौथ्या हालचालीची ताकद पहिलीच्या निदान ९० टक्के भरली, तरच घशातील नळी काढावी, असे अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

तयारी घरापासून

मुंबई-ठाण्यात नोकरीनिमित्त राहणाऱ्या अनेकांचे आईवडील कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर भागात असतात. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळे व चौक येथील ग्रामीण रुग्णालये जवळ असली तरी मोठ्या शस्त्रक्रियेसाठी अनेकांना पनवेल, नवी मुंबई, कल्याण किंवा मुंबई गाठावी लागते. शस्त्रक्रियेची तारीख आणि घर यांत असे अंतर असते, तेव्हा आधीचे आणि नंतरचे दिवस घरच्यांनीच सांभाळायचे असतात.

या दिवसांचे मोल मोठे आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागाची शस्त्रक्रिया होणाऱ्या ४४१ रुग्णांवर झालेली चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेपूर्वी फिजिओथेरपिस्टने अर्धा तास बसून दीर्घ श्वास व खोकण्याचे व्यायाम शिकवले, एवढ्यानेच फुफ्फुसांच्या तक्रारी २७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आल्या. यासाठी महागडे यंत्र लागत नाही.

विडी-सिगारेट शक्य तितक्या आधी सोडावी. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या आईला वा आजीला धाप लागत असेल, तर तिने कधी विडी ओढली नाही म्हणून ती बाब गौण मानू नये. चुलीच्या धुरानेही फुफ्फुसे निकामी होतात. दमा, मूत्रपिंडाचा विकार, चालू औषधे आणि पूर्वीच्या भुलेचा अनुभव भूलतज्ज्ञांना आधीच सांगावा. पाठीच्या कण्यातून भूल देऊन काम भागेल काय, हेही विचारावे. तसे झाल्यास शिथिल करणारे औषध सहसा लागतच नाही. ‘अंमल उतरल्याचे यंत्राने मोजणार का?’ हा प्रश्न विचारण्यात संकोच नसावा.

शस्त्रक्रियेनंतर डोक्याकडची बाजू उंच ठेवावी, वेदनाशामक वेळेवर मिळावे, दात व कवळी स्वच्छ असावी. डॉक्टरांनी परवानगी देताच रुग्णाला बसवावे, चालवावे. घरी परतल्यावर धाप, ताप, पिवळा-हिरवा बेडका दिसल्यास तत्काळ डॉक्टर गाठावा. वृद्धांत न्यूमोनिया कधी तापाविनाही येतो. एकाएकी असंबद्ध बोलणे हीच त्याची पहिली खूण ठरू शकते. ‘वयामुळे बरळतात’ म्हणून ती टाळू नये.